साट्यालोट्याचा रस्ता

शुभांगीचं आणि माझं लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात लागलं. माझ्या भावाला, सुनीलला, ती दिली आणि तिच्या भावाला, भैरूला, मी. याला आमच्याकडं साटंलोटं म्हणतात. लेक द्यायची, लेक घ्यायची, मानपान बरोबरीचा, दोन्ही घरं खूश. खूश नसतात त्या दोन लेकी, पण त्यांना विचारतो कोण?

साट्यालोट्यात बाईच्या मागं कायम तराजू लागलेला असतो. तिला दिवाळीला जरीकाठाचं लुगडं आलं की मला जरीकाठाचं. सुनील तिच्यावर ओरडला की दोन-चार दिवसांत भैरू माझ्यावर ओरडणार, मग माझी चूक असो नसो. ती माझी भावजयही आणि नणंदही, आणि मीही तिची दोन्ही. कुणी कुणाचा मान राखायचा याचा निकाल अजून लागलेला नाही, म्हणून आम्ही एकमेकींना सरळ नावानं हाक मारतो, मी शुभांगी म्हणते, ती रजे.

पण तराजूत सगळं मावत नाही. माझ्या माहेरच्या चुलीपुढं ती बसते. माझी आई, तानुबाई, हल्ली थोडं दुखलंखुपलं तरी पहिली हाक "शुभा" अशीच मारते. मी जन्माची लेक, आणि हाक मारायची ती सुनेला! मला हे सोसत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या पोटातलं दुखणं शोधून काढल्याचा आनंद कुणाला नको.

तर रस्ता. माझं सासर हिरडवाडी आणि माहेर कातळवाडी, मध्ये डोंगराची सोंड आणि तिच्यावर खिंड. खिंडीतून एकच रस्ता जातो. अलीकडचा उतार आमच्या वाडीचा, पलीकडचा त्यांचा. कुठूनही खाली उतरलं की मोठा रस्ता लागतो, आणि तिथून पौड, घोटावडे, हिंजवडी, ज्याची भाकर जिकडं असेल तिकडं. घोटावड्याच्या कंपनीची गाडी पोरींना न्यायला वाडीपर्यंत वर येते ती रस्ता धड आहे म्हणून. रस्ता बिघडला की ड्रायव्हर खालीच थांबतो, आणि मग पोरींनी अंधारात डोंगर उतरायचा.

पुण्यातल्या एका संस्थेनं मध्यंतरी ठरवलं, की रस्ता करून विसरून जायचं नाही, वाडीतल्या बायकांनीच तो राखायचा. बाजूची चर साफ ठेवायची, रस्त्याखालच्या मोरीतले पाइप तुंबू द्यायचे नाहीत, साइडपट्टीवरचं गवत कापायचं, आणि खड्डा लहान आहे तोवर मुरूम टाकून धुम्मसनं ठोकून घ्यायचा. त्याची मजुरी मिळायची. हिरडवाडीच्या गटाची पुढारी मी झाले. कातळवाडीची कोण झाली हे सांगायला नकोच. हद्द ठरली खिंडीतल्या जांभळीच्या झाडापाशी.

ज्या दोघींचं लुगड्याच्या काठापर्यंत सगळं मोजून झालेलं, त्यांच्या हातात एकाच रस्त्याच्या दोन बाजू दिल्यावर दुसरं काय होणार? मी माझी बाजू अशी राखली की बघणाऱ्यानं बघतच राहावं. चरीत पान पडलं तर ते मी उचललं. फावडी, घमेली, धुम्मस ठेवायला समाजमंदिराच्या मागची खोली घेतली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला. बायकांनी भरलेला खड्डा मी उकरून पुन्हा भरायची, कारण त्यांना मुरूम ओला किती करायचा हे कळत नाही. मोरीच्या पाइपात तर मी कुणाला हात घालू दिला नाही. एकदा भैरू म्हणाला, "रस्त्याला येवढं जपतीस, येक दिवस मला बी झाडून काढ." मी म्हटलं, तुमच्यात बघण्यासारखं काय आहे, तुमची बहीण रोज थोडीच खिंडीत उभी राहून तुम्हाला बघते?

शुभांगीचं सगळं उलटं. तिच्या बायका हसतखेळत कामाला यायच्या, अर्ध्या बसायच्या, अर्ध्या करायच्या. अवजारं ज्याच्या त्याच्या पडवीत. कुणी एक खड्डा भरला तर दुसरी म्हणायची, पलीकडचा मी भरते. पुरुषही मध्येच फावडं उचलायचे. गवत इथं कापलेलं, तिथं राहिलेलं, न्हाव्यानं अर्ध्यावर सोडलेल्या डोक्यासारखं. मी माहेरी जाताना ते बघायचे आणि मला गार वाटायचं.

मागच्या श्रावणात मात्र वेगळंच झालं. शुभांगीच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला वाकायचं नाही म्हणून सांगितलं. ती झोपून होती, आणि खिंडीपलीकडची पहिली मोरी झाडाच्या फांद्यांनी तुंबली. मी आईला बघायला चालले होते. पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि शुभांगीच्या बायका काठाशी उभ्या राहून चर्चा करत होत्या. मला राहवेना. मी परत आले, खोली उघडली, फावडं आणि लांब बांबू घेतला आणि खिंड ओलांडून गेले. पाइप मोकळा केला. मग पुढची मोरी. मग चर. ती उठेपर्यंत मी तिकडं जातच राहिले. कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशी!

माझ्या मनात काय होतं ते सांगते. माझ्या मनात होतं, की कातळवाडीनं बघावं. मी जिथं जन्मले त्या वाडीनं एकदा डोळे उघडून बघावं, की मोरी कशी साफ करतात आणि ती कोण करतं. आणि आईनं बघावं. आईनं पाहिलंच. ओसरीवरून ती माझ्याकडं बघत होती. चिखलानं भरलेली मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले, तर म्हणाली, "बरं क्येलंस बाई. शुभाला बरं वाटंल." शुभाला! मी हातपाय न धुताच परत फिरले.

आता मुख्य गोष्ट. यंदा संस्थेचा निरोप आला, की एका रस्त्याला दोन गट ठेवणं जमणार नाही. दिवाळीनंतर सगळा रस्ता एकाच पुढारणीच्या हाताखाली जाणार. ती दोन्ही बाजूंची मुकादम, आणि दुसरीच्या गटानं तिच्या सांगण्यावर काम करायचं. त्याआधी एक बाई येऊन बघणार, की कुणाचं काम टिकण्यासारखं आहे. त्याला त्यांनी मोठं नाव दिलं होतं, टिकाऊपणाचं मूल्यमापन.

मला जेवण गोड लागेना. शुभांगी जांभळीपाशी उभी राहून मला म्हणणार, रजे, हितलं गवत राहिलं बघ. मी "व्हय" म्हणून वाकणार. माझ्या आईपाठोपाठ माझा रस्ताही तिचा! मी भैरूला सांगून टाकलं, तुमच्या बहिणीच्या हाताखाली मी एक घमेलं उचलणार नाही. तो म्हणाला, "मग तू जिंक की." माझ्या नवऱ्याला सगळं असं सोपं वाटतं.

मी तयारीला लागले. खराट्यानं रस्ता झाडून घेतला. वळणावळणावरच्या दगडांना चुना लावला. साइडपट्टी दोरी धरून सरळ केली. मूल्यमापनाच्या दिवशी सकाळी समाजमंदिरापुढं रांगोळीही काढणार होते, पण शेजारणी हसल्या म्हणून राहू दिली.

आलेली बाई म्हणजे पंचविशीची मुलगी होती. जुईली तिचं नाव. पायात जाड बूट, पाठीवर पिशवी, हातात टॅब. गाडी खाली मोठ्या रस्त्यावर ठेवून ती चालत वर आली. मला तिथंच ती आवडली. तिनं मोजायचं चाक फिरवलं, चरीत उतरून बघितलं, मोरीत बॅटरी मारली. खिंडीपर्यंत चालून झाल्यावर म्हणाली, "ताई, मी या वर्षात इतके रस्ते पाहिले, पण असा ठेवलेला एकही नाही." आमच्या गटातल्या सगळ्या बायका जवळच होत्या. मी मुद्दामच त्यांना थांबवून घेतलं होतं.

मग ती प्रश्न विचारायला लागली. आधी नम्रताला. नम्रता माझ्या गटातली सगळ्यांत तरुण. "समजा, भर पावसात मोरी तुंबली. तुम्ही काय कराल?"

"रजनीताईला हाक मारीन," नम्रता म्हणाली.

मी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

दुसरीला विचारलं, खड्ड्यात मुरूम टाकताना खड्डा आधी कसा करून घ्यायचा. ती म्हणाली, "ते रजनीताई करती. आमी निस्तं आनून टाकतो." तिसरीला विचारलं, फावडं हवं असेल तर कुठं मिळतं. "रजनीताईकडं किल्ली हाय." एकेक उत्तर ऐकून माझी छाती फुगत चालली. वाटलं, बायांनो, असंच बोला, हे शब्द खिंडीपलीकडं ऐकू जाऊ द्या. जुईली प्रत्येक उत्तराला टॅबवर बोट टेकवत होती आणि मला वाटत होतं, ती माझेच गुण लिहून घेतेय.

शेवटी तिनं मला जांभळीखाली बसवलं आणि एकटीला विचारलं, "रजनीताई, तुम्ही नसाल तेव्हा या रस्त्याचं कोण बघेल?"

"मी नसंन कशी? मी कुठं चाललेय?"

"समजा. आजारी पडलात, गावाला गेलात. समजा."

"मग बोंबललं म्हनायचं सगळं," मी म्हटलं. "माझ्यासारखं हितं कोन करनार न्हाई. तुमीच विचारून बघा."

"विचारलं मी," ती हळूच म्हणाली, आणि उठली.

मग ती पलीकडं उतरली. मीही आईला बघायचं निमित्त काढून मागोमाग गेले. कातळवाडीची बाजू नेहमीसारखीच होती. दोन खड्डे भरलेले, तिसरा राहिलेला. एका मोरीपाशी गवत गुडघ्याएवढं. चुना नाही, दोरी नाही. बायका तर भांडतच होत्या. जुईलीनं मोरीचं विचारलं तर चारजणी एकदम बोलल्या, एक म्हणाली बांबूनं ढकलायचं, दुसरी म्हणाली खालच्या तोंडानं ओढायचं, आणि सुनील, माझा भाऊ, ओट्यावरून ओरडला, "मागल्या खेपेला मी क्येलं हुतं, मला इचारा!" मी मनात म्हटलं, घ्या, पुढारी कोण हेही यांना ठरवता येत नाही. पुढं मी थांबलेच नाही. आईपाशी जाऊन बसले. त्या दिवशी आई शुभाबद्दल बोलत होती तेही मला गोड लागलं.

निकाल सांगायला जुईली आठवड्यानं परत आली. दोन्ही वाड्यांची माणसं कातळवाडीच्या देवळापुढं जमली. मी मागल्या दिवाळीचं जरीकाठाचं लुगडं नेसून गेले. शुभांगीनंही तेच नेसलं होतं, कारण दोन्ही एकाच दुकानातून आलेली. एकमेकींना बघून आम्ही दोघींनी तोंडं फिरवली.

जुईली म्हणाली, रस्त्याची आजची स्थिती बघितली तर हिरडवाडीची बाजू कितीतरी सरस आहे. आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सारखा केला. मग ती म्हणाली, "पण मला आजची स्थिती बघायला पाठवलेलं नाही. उद्या संस्था निघून गेली, माणसं बदलली, तरी हे काम चालू राहील का, ते बघायला पाठवलंय. हिरडवाडीचा रस्ता रजनीताई आहेत तोवर राहील. त्या नसल्या तर पुढच्या पावसाळ्यात तो राहणार नाही. कातळवाडीचा रस्ता असाच अर्धामुर्धा राहील, पण राहील. म्हणून पूर्ण रस्त्याचं काम शुभांगीताईंकडे द्यावं, असं मी सुचवलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. "म्हंजे चांगलं राखलं हा गुन्हा झाला व्हय? तिच्या मोरीपाशी गवत माझ्या गुडघ्याला लागतंय! तिच्या बायकांना येक सूर न्हाई! ती आजारी पडली तवा तिचा रस्ता राहिला का? वाहून चालला हुता, मी बघितला!"

"तेच विचारलं मी त्यांना," जुईली म्हणाली. "तुम्हाला विचारलं तोच प्रश्न. तुम्ही नसाल तेव्हा कोण बघेल?" मग ती शुभांगीकडं वळून म्हणाली, "सांगू का? का तुम्हीच सांगता?"

शुभांगीनं लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला. "मी म्हनले, हितल्या बाया बघतील. पोरं बघतील. आन् लईच आडलं तर माझी नणंद येईल खिंडीपल्याडनं." ती थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हनले, तिला माझा रस्ता बरा दिसला तर झोप लागत न्हाई, आन् वाईट दिसला तर दम निघत न्हाई. ती जळत येईल. पन येईल."

दोन्ही वाड्या हसल्या. भैरू हसला, सुनील हसला, नम्रता पदरात तोंड घालून हसली. आई हसली नाही, पण ती मान डोलावत होती, म्हणजे तिला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मला वाटलं, चरीत जाऊन झोपावं आणि वरून कुणीतरी मुरूम टाकावा. मी तशीच निघाले आणि खिंड चढायला लागले. मागून कुणीतरी हाक मारली. मी वळले नाही.

त्यानंतर मी कामाला गेले नाही. किल्ली कमरेलाच होती. बायका येऊन दाराशी घुटमळायच्या, मी म्हणायची, तुमच्या मुकादमीणबाईला विचारा. एकदा वादळी पाऊस येऊन गेला आणि चरीत पाला साठला. नम्रता विचारायला आली, काढू का? मी म्हटलं, मला काय विचारतेस? तर ती खरंच निघून गेली आणि पाला तसाच राहिला. मी दारातून तो पाला बघत बसले. मग माझ्या लक्षात आलं की त्या मुलीनं, त्या जुईलीनं, खोटं काही सांगितलं नव्हतं. ते लक्षात आल्यानं राग कमी झाला असं मात्र नाही. उलट, राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून जास्तच झाला.

मग भैरूनं बातमी आणली. शुभांगी उद्या किल्ली घ्यायला येणार. ते आणखी वाईट. कारण आमचं घर म्हणजे तिचं माहेर. ती आली की माहेरवाशीण म्हणून मी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, पाट द्यायचा, चहा ठेवायचा, आणि वर किल्लीही काढून द्यायची. मी म्हटलं, त्यापेक्षा मीच तिकडं जाऊन किल्ली फेकून येते. माझ्या आईच्या ओसरीवर. निदान तिथं मी माहेरवाशीण असेन.

सकाळीच निघाले. खिंड ओलांडली, जांभळ मागं टाकली, आणि पहिल्याच वळणावर पाय थांबले. कुठल्यातरी बंगल्याच्या प्लॉटवर विटा नेणारा ट्रक वळणाला कडेनं घसटून गेला होता. साइडपट्टीचे दगड खाली सरकले होते आणि डांबराची कड उघडी पडली होती. एक पाऊस, आणि अर्धं वळण दरीत. शुभांगीच्या बायकांनी तिथं दोन फांद्या आडव्या टाकल्या होत्या. फांद्या!

मी मनाला सांगितलं, चल, तुझा रस्ता नाही हा. दहा पावलं पुढं गेलेही. मग परत आले, पदर खोचला आणि सरकलेला दगड ओढून वर घेतला. तोंडानं शिव्या चालू होत्या. ट्रकवाल्याला, बायकांना, जुईलीला, आमचं साटंलोटं जुळवणाऱ्या दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना, जे आता देवाघरी बसून मजा बघत असतील.

"रजे, तू हितं?"

शुभांगी खालून येत होती. खांद्यावर फावडं.

"आईकडं चालले हुते," मी मान वर न करता म्हटलं.

"आन् दगड मधी आडवा आला व्हय?"

"तुझ्या बाया दगड पालथे लावत्यात. सपाट अंग खाली घ्यायचं आसतं. पाणी आलं की पयला हाच जानार."

ती हसली नाही. तिनं फावडं टेकवलं, दगडाचं दुसरं टोक धरलं. तिला ऑपरेशननंतर जड उचलायचं नाही हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "सोड, तू नको." तर म्हणाली, "नुस्ता सरकवते." आम्ही दोघींनी तो बसवला, मग त्याच्या शेजारचा.

मग ती म्हणाली, "देवळापुढं म्हनले ते तुला हसायला न्हाई म्हनले."

"सगळी वाडी हसली."

"हसू दे. मला कसं ठावं की तू जळतीस? जळनारीला जळनारीच वळखती."

"तुला काय जळायला झालं? माझी आई तुझ्या हातचं खाती. आता रस्ता बी तुझा झाला."

शुभांगी दगडावर बसली. "आन् माझं माहेर?" ती म्हणाली. "राखीला भैरूदादाकडं येते, तर खिंड वलांडली की रस्ता आरशावानी. कोन बी भेटलं तरी रजनीताईनं क्येला, रजनीताईनं क्येला. माझी सख्खी चुलती मला माझ्या दारात म्हनली, शुभे, तुझ्यापरीस भैरूची बायकू बरी, वाडीचं नाव काढलं. मी जन्मले तितं, रजे! त्या दिवशी मी जेवले न्हाई."

उन्हात राबून आल्यावर माठातलं पाणी पोटात उतरावं, तसं मला झालं. लपवणार नाही. इतकी वर्षं मी एकटीच जळते असं मला वाटत होतं.

"खरंच जेवली न्हाईस?"

"न्हाई म्हनते ना."

"रात्री?"

"रात्री जेवले."

"मग!"

"पन चव न्हाई लागली," शुभांगी म्हणाली, आणि तिचे डोळे भरलेले होते.

मी कमरेची किल्ली काढली. फेकायची ठरवली होती, पण फेकली असती तर दरीत गेली असती. मी ती तिच्या हातात ठेवली. बोटं सोडवायला मला थोडा वेळ लागला, तिनं किल्ली ओढली नाही. "पावसात कुलूप धरतं," मी म्हटलं. "खाली दाबायचं, मग फिरवायची."

"मला न्हाई यायचं ते. उद्या तूच दाखव, समद्या बायांना. मोरीचं बी दाखव."

"मी कशाला? मुकादम तू."

"ये म्हनते ना, रजे."

तिनं किल्ली पदराच्या गाठीला बांधली. उद्या ती माझ्या बाजूला उतरणार, माझ्या बायका तिला आल्याचा चहा देणार, आणि कुणीतरी नक्की म्हणणार, की शुभाताई किती गोड बोलते. त्या चहाचा मला आत्तापासूनच राग यायला लागला होता. तेवढ्यात पुढच्या दगडाकडं लक्ष गेलं. तोही पालथाच लावलेला होता. मी तिच्या खांद्याजवळचं फावडं ओढून घेतलं आणि तो उकरायला लागले.